वातारू मिसाका : विद्यार्थी, खेळाडू व अभियंता

ज्ञातिसंस्थांच्या स्मरणिका चाळणाऱ्या वाचकास 'पहिला' हा शब्द पानोपानी भेटतो. ज्ञातीतील पहिला पदवीधर, पहिला डॉक्टर, परदेशी जाऊन आलेला पहिला गृहस्थ, अशी नामावळी दरवर्षी छापली जाते आणि ती छापली जावी हे योग्यच आहे. परंतु अशा नामावळीत एक उणीव सदैव जाणवते. पहिला कोण हे कळते; पहिला ठरल्यानंतर त्या मनुष्याने उरलेली चाळीस-पन्नास वर्षे कशी व्यतीत केली, हे मात्र क्वचितच कोणी लिहून ठेवतो. खेळाडूंच्या बाबतीत तर ही उणीव फारच खटकते. महाविद्यालयीन मैदान गाजविणाऱ्या तरुणाचे चरित्र जणू पंचविशीतच आटोपते, अशी आपली समजूत असते.

या लेखाचा नायक आपल्या ज्ञातीचा नाही, आपल्या देशाचाही नाही, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. वातारू मिसाका हा जपानी मातापित्यांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेला बास्केटबॉलपटू. तथापि परक्या मुलखात मूठभर संख्येने राहणारा, स्वतःच्या संस्था स्वतःच उभारणारा आणि मुलांच्या शिक्षणावर जीव टाकणारा जो समाज, त्यात तो वाढला. आणि अशा समाजाची सुखदुःखे आपल्या सभासद कुटुंबांस समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

युटा राज्यात ऑग्डेन नावाचे नगर आहे. १८६९ साली अमेरिकेच्या पूर्व व पश्चिम किनाऱ्यांस जोडणारा लोहमार्ग त्याच भागात पुरा झाला आणि ऑग्डेन हे आगगाड्यांचे मोठे जंक्शन बनले. स्टेशनासमोरून निघणारा पंचविसावा रस्ता म्हणजे दारूची दुकाने, जुगाराचे अड्डे व तदनुषंगिक व्यवहार यांचे माहेरघर. त्याच रस्त्यावर जपानी वस्तीही होती. हिरोशिमाकडून आलेल्या मिसाका कुटुंबाचे केशकर्तनालय तेथे होते आणि त्या दुकानाच्या तळघरातच कुटुंबाचा संसार होता. या घरात २१ डिसेंबर १९२३ रोजी वातारूचा जन्म झाला.

त्या एका घरात कायद्याच्या दृष्टीने दोन प्रकारची माणसे राहत होती. मुलगा अमेरिकेच्या भूमीवर जन्मला, म्हणून जन्मतःच नागरिक. चिनी वंशाच्या वाँग किम आर्क याच्या खटल्यात १८९८ साली सर्वोच्च न्यायालयाने तसा निर्वाळा दिलेला होता. आईबाप मात्र कितीही वर्षे राहिले तरी परकेच. कारण नागरिकत्वाचा अर्ज करण्याचा अधिकार त्या काळी गोऱ्या व आफ्रिकी वंशाच्या व्यक्तींपुरताच होता. ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाने त्याविरुद्ध दाद मागितली, ती १९२२ साली फेटाळली गेली. पुढे १९२४ च्या कायद्याने तर जपानी लोकांस अमेरिकेचे दारच बंद झाले.

येथे थोडे विषयांतर करणे भाग आहे, कारण त्यात आपल्या देशाचाही संबंध येतो. ओझावाच्या निकालानंतर तीनच महिन्यांनी त्याच न्यायालयासमोर भगतसिंग थिंद या पंजाबी गृहस्थाचा खटला आला. थिंद हे अमृतसरकडचे शीख. पहिल्या महायुद्धात त्यांनी अमेरिकन सैन्यात नोकरी केलेली. त्यांच्या बाजूने मांडलेल्या युक्तिवादाचा एक भाग असा की, हा उच्च जातीचा हिंदू असून आर्यवंशीय आहे, सबब तो गोऱ्यांतच मोडतो. न्यायालयाने १९ फेब्रुवारी १९२३ रोजी हा युक्तिवाद अमान्य केला. वंशशास्त्र काहीही म्हणो, सामान्य अमेरिकन माणसाच्या समजुतीत हा मनुष्य गोरा नाही, असा त्या निकालाचा आशय होता. जातिश्रेष्ठत्वाचे आपले नाणे समुद्रापलीकडे कवडीच्या मोलानेही चालले नाही. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत ही हकीकत नमूद करण्यात मला औचित्य वाटते.

मूळ विषयाकडे वळू. वातारू पंधरा वर्षांचा असताना त्याचे वडील निवर्तले. पदरी तीन मुलगे, परका देश आणि भाषाही परकी. अशा स्थितीत त्या माउलीला माहेरच्या मुलखाची आठवण झाली तर नवल नाही. हिरोशिमाकडे परत जाण्याचा विचार तिने मुलांपुढे मांडला. थोरल्या मुलाने स्पष्ट सांगितले की, धाकट्या भावंडांस घेऊन तू जा, मी येथेच राहणार. शेवटी कोणीच गेले नाही. आईने पतीचे दुकान स्वतः चालविले आणि वस्तरा व कात्री यांवर तीन मुलांस वाढविले. आपल्याकडे ज्या धंद्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जातीच्या चष्म्यातून पाहिले गेले, त्या धंद्याने तेथे एका विधवेचे घर मानाने चालविले. मिसाकाच्या चरित्रातील सर्वांत मोठा निर्णय कोणता, असे मला विचाराल तर तो या बाईचा होय. त्या वेळी ती मुलांसह परतली असती, तर पुढे सहा-सात वर्षांनी त्या शहरावर जे कोसळले त्याच्या छायेतच ती सर्व मंडळी सापडली असती.

शाळेत असतानाच वातारू बास्केटबॉल खेळू लागला. हा खेळ १८९१ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात घरात खेळता यावा म्हणून शोधून काढला. उंच माणसांचा खेळ अशी त्याची ख्याती. आणि मिसाकाची उंची अवघी पाच फूट सात इंच. परंतु पायांतील चपळाई, चेंडू हिसकावून घेण्यातील चलाखी आणि प्रतिपक्षाच्या खेळाडूस क्षणभरही मोकळा न सोडण्याची चिकाटी हे त्याचे भांडवल होते. ऑग्डेन हायस्कूलने त्याच्या कारकिर्दीत राज्यपद जिंकले. पुढे तो गावातच असलेल्या वेबर कॉलेजात गेला. तेथील दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्याने पुरा केला व तेथेही संघास विजय मिळवून दिले.

हे चालू असतानाच ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिकेतील जपानी वंशाच्या लोकांवर आकाश कोसळले. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी एक हुकूम काढला. योगायोग असा की, थिंदच्या निकालाचीही हीच तारीख होती. या हुकुमान्वये पॅसिफिक किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांस घरेदारे, शेते व दुकाने सोडावयास लावून काटेरी तारांच्या छावण्यांत डांबण्यात आले. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश हे मिसाकासारखेच जन्मसिद्ध नागरिक होते. कोणाचीही चौकशी झाली नाही वा कोणावर आरोपपत्रही ठेवले गेले नाही.

ऑग्डेन हे किनाऱ्यापासून दूर, अंतर्भागात होते, एवढ्याच कारणाने मिसाका कुटुंब मोकळे राहिले. नकाशावरील रेघ थोडी पूर्वेकडे ओढली गेली असती तर पुढील सर्व इतिहास घडलाच नसता. त्यातही वैचित्र्य असे की, अशा छावण्यांपैकी एक, टोपाझ नावाची, युटा राज्याच्याच ओसाड पठारावर उभारलेली होती. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ पर्यंत ती चालू होती आणि एके काळी तीत आठ हजारांहून अधिक माणसे होती. १९४३ च्या शरदात मिसाका सॉल्ट लेक सिटीच्या युटा विद्यापीठात दाखल झाला व तेथील संघातून खेळू लागला, तेव्हा त्याच राज्यात त्याच्या वयाचे, त्याच्याच रंगरूपाचे तरुण पहारेकऱ्यांच्या मनोऱ्यांखाली दिवस कंठीत होते.

युटा विद्यापीठाचा तो संघ म्हणजे पोरसवदा मुलांचा मेळा होता. मोठे खेळाडू लढाईवर गेलेले, विद्यापीठाची क्रीडाशाळा सैन्याच्या ताब्यात, नेहमीच्या स्पर्धा बंद. प्रशिक्षक व्हॅडल पीटरसन यांनी अशा स्थितीत संघ बांधला. १९४४ च्या मार्च महिन्यात त्यांस दोन आमंत्रणे आली. एक न्यूयॉर्क येथील राष्ट्रीय निमंत्रित स्पर्धेचे आणि दुसरे राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटनेच्या स्पर्धेचे. न्यूयॉर्क पाहावयास मिळेल या हेतूने मुलांनी पहिले स्वीकारले आणि पहिल्याच सामन्यात केंटकी विद्यापीठाकडून हार खाल्ली.

आता परतीची गाडी धरावयाची, अशी वेळ आलेली असता एक दुर्घटना घडली. दुसऱ्या स्पर्धेस निघावयाच्या आर्कान्सा विद्यापीठाच्या खेळाडूंस मोटारीचा भीषण अपघात झाला व तो संघ स्पर्धेतून निवृत्त झाला. रिकामी जागा युटास देऊ करण्यात आली. मुलांनी कॅन्सस सिटी गाठली, मिसुरी व आयोवा स्टेट या संघांस हरविले आणि अंतिम सामन्यासाठी ती पुनश्च न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये उभी राहिली. २८ मार्च १९४४ रोजी डार्टमाउथ कॉलेजाविरुद्ध सामना झाला. नियोजित वेळ संपली तेव्हा गुण समान होते. जादा वेळेच्या अगदी अखेरच्या क्षणी हर्ब विल्किन्सन याने दुरून टाकलेला चेंडू जाळीत पडला आणि युटा ४२-४० असे जिंकले. आर्नी फेरिन याने २२ गुण मिळविले. दोन दिवसांनी रेड क्रॉसच्या मदतीसाठी झालेल्या सामन्यात निमंत्रित स्पर्धेतील विजेत्या सेंट जॉन्स संघासही युटाने ४३-३६ असे नमविले.

मिसाकाने त्या सामन्यांत गुणांची लयलूट केली नाही. प्रतिपक्षाची आक्रमणे मोडणे, चेंडू मध्येच अडविणे हे त्याचे काम होते. जपानशी युद्ध ऐन भरात आलेले, वृत्तपत्रांत शत्रूची राक्षसासारखी चित्रे छापली जात असलेली, आणि न्यूयॉर्कच्या प्रेक्षागारात हजारो लोक एका जपानी चेहऱ्याच्या ठेंगण्या तरुणाच्या खेळास टाळ्या देताहेत! असे दृश्य इतिहासात वारंवार दिसत नाही. परंतु त्या टाळ्यांनी छावण्यांची दारे उघडली नाहीत, हेही तितकेच खरे. क्रीडांगणावरील लोकप्रियतेने समाजाचा प्रश्न सुटतो असे मानणाऱ्यांनी १९४४ चा हा मार्च महिना ध्यानी घ्यावा.

विजेता संघ घरी परतला तो स्वागताच्या गजरात. आणि मिसाकाच्या हाती पडले ते सक्तीच्या सैन्यभरतीचे पत्र. पर्ल हार्बरनंतर जपानी वंशाच्या तरुणांस सैन्यात घेणे सरकारने थांबविले होते. जानेवारी १९४४ पासून त्यांस पुन्हा बोलाविण्यास प्रारंभ झाला. ज्या सरकारने समाजबांधवांस कोंडले त्याच सरकारचा गणवेष अंगावर चढवून मिसाका निघाला. पुढील दोन हंगाम तो विद्यापीठाबाहेर होता. युद्ध संपल्यावर त्याची रवानगी जपानमध्ये झाली आणि तेथे, अणुबाँबने उद्ध्वस्त झालेल्या हिरोशिमा शहरात, जिवंत राहिलेल्या नागरिकांच्या मुलाखती घेण्याचे काम त्याच्याकडे आले. ६ ऑगस्ट १९४५ रोजी त्या नगराची राखरांगोळी झालेली होती. तेथील लोकांच्या दृष्टीने तो जेत्यांच्या गणवेषातील परका. आणि अमेरिकेत त्याच्याच देशबांधवांच्या दृष्टीने तो शत्रूच्या चेहऱ्याचा. तेविशीच्या आतबाहेरच्या त्या तरुणाच्या मनाची तेव्हा काय अवस्था झाली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

१९४६ साली तो विद्यापीठात परत आला. वर्गातही आणि मैदानावरही. १९४७ च्या मार्चमध्ये युटाचा संघ पुन्हा निमंत्रित स्पर्धेत उतरला व अंतिम फेरीत गाठ पडली ती तीन वर्षांपूर्वी हरविणाऱ्या केंटकीशीच. अडॉल्फ रप या नामांकित प्रशिक्षकाचा तो संघ अजिंक्य समजला जात असे. त्यांचा हुकमी खेळाडू राल्फ बियर्ड याला रोखण्याची कामगिरी मिसाकावर सोपविण्यात आली. २४ मार्च रोजी झालेल्या त्या सामन्यात मिसाका बियर्डच्या सावलीसारखा फिरला आणि त्या नाणावलेल्या खेळाडूस संपूर्ण सामन्यात अवघा एक गुण मिळाला. युटाने ४९-४५ असा विजय मिळविला. माझ्या मते मिसाकाच्या खेळाचा कळस हाच. स्वतः चेंडू जाळीत टाकणाऱ्यास टाळ्या मिळतात. दुसऱ्यास तो टाकू न देणाऱ्याचे श्रेय धावफलकावर लिहिले जात नाही.

त्याच वर्षी, १९४६ मध्ये स्थापन झालेल्या धंदेवाईक संघटनेतील न्यूयॉर्क निकरबॉकर्स या संघाने मिसाकास निवडले. हीच संघटना १९४९ नंतर एन. बी. ए. या नावाने ओळखली जाऊ लागली. तोवर त्या संघटनेत सर्व खेळाडू गोरेच होते. अशा रीतीने गौरेतर पहिला खेळाडू हा मान मिसाकाकडे गेला. याच १९४७ च्या एप्रिल महिन्यात जॅकी रॉबिन्सन या काळ्या वर्णाच्या खेळाडूने बेसबॉलच्या मैदानावरील वर्णभेदाची भिंत फोडली होती व त्याचा गाजावाजा देशभर झाला. मिसाकाच्या वाट्यास तसे काहीच आले नाही. तो तीन सामने खेळला, सात गुण मिळविले आणि हंगाम पुरता सुरू होतो न होतो तोच त्यास संघातून कमी करण्यात आले. गार्डच्या जागी खेळणारे अधिक झाले, असे कारण देण्यात आले. वर्णद्वेषामुळे आपणास काढले, असा आरोप त्याने कधी केला नाही. आफ्रिकी वंशाच्या खेळाडूंस त्या संघटनेत प्रवेश मिळावयास १९५० साल उजाडावे लागले.

तीन सामने! खेळाडूच्या चरित्राची मोजदाद आकड्यांनी करणाऱ्यास येथे पूर्णविराम द्यावासा वाटेल. वस्तुतः उत्तरायुष्याचा आरंभ येथेच होतो. परतीच्या वाटेवर हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या सुप्रसिद्ध फिरत्या संघाचे मालक एब सेपरस्टीन यांनी त्यास आपल्या संघात येण्याविषयी विचारले. नाव होते, पैसा होता, देशोदेशी हिंडण्याची संधी होती. मिसाकाने नकार दिला. अभियांत्रिकीची पदवी पुरी व्हावयाची राहिली होती, ती घेण्यासाठी तो थेट युटास परतला. यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी त्याने संपादन केली, सॉल्ट लेक सिटीत अभियंता म्हणून नोकरी धरली, विवाह केला आणि दोन मुलांचा संसार त्याच नगरात केला.

या निर्णयास मी त्याग वगैरे म्हणणार नाही. तळघरात वाढलेल्या, आईच्या कात्रीवर शिकलेल्या मुलाने हिशेब नीट मांडला, इतकेच. चेंडूचा खेळ तिशीनंतर सुटणार. पदवी सुटणार नाही. आपल्या वसतिगृहांतून शिकून गेलेल्या कित्येक तरुणांनी असाच हिशेब मांडलेला आहे आणि कित्येकांचा तो चुकलाही आहे. मैदानावरचा वाहवा करणारा जनसमुदाय परीक्षेच्या दालनात बरोबर येत नाही, हे घरच्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे तरुणांस कटू लागते. परंतु मिसाकास ते कोणी सांगितले असेल असे वाटत नाही. त्याने ते पाहिले होते.

खेळ त्याने सोडला असेही नव्हे. तो बोलिंगकडे वळला. लाकडी धावपट्टीवरून जड चेंडू घरंगळत सोडून समोरच्या खुंट्या पाडावयाचा हा खेळ अमेरिकेतील मध्यमवर्गात अत्यंत लोकप्रिय आहे. त्याचीही एक कथा आहे. अमेरिकन बोलिंग काँग्रेस या देशव्यापी संस्थेच्या नियमांनुसार १९५० पर्यंत केवळ गोऱ्या पुरुषांसच तिचे सभासद होता येत असे. तेव्हा जपानी-अमेरिकन नागरिकांच्या संघाने १९४७ मध्ये सॉल्ट लेक सिटी येथेच स्वतःची स्वतंत्र बोलिंग स्पर्धा भरविली. पुढे नियम रद्द झाला, सार्वत्रिक दारे खुली झाली. तरी त्या समाजाच्या आपल्या स्पर्धा मोडल्या नाहीत. बहिष्कारातून जन्मलेली संस्था बहिष्कार उठल्यावर कशासाठी चालू ठेवावयाची, हा प्रश्न त्या लोकांपुढेही आला असणार. आपल्यापुढे तो रोज येतो. ज्ञातिसंस्थांची आज गरज काय, असे विचारणाऱ्या आपल्या तरुण मंडळींस नुसते रागे भरून भागणार नाही. भेटीगाठी, सोयरिकी, वृद्धांचा विरंगुळा, मुलांस मिळणारी शाबासकी या गोष्टी नियमपुस्तकात लिहिलेल्या नसतात. परंतु संस्था तग धरते ती त्यांच्याच बळावर. मात्र ज्या दाराबाहेर आपण एकदा उभे होतो, तसे दार आपणच दुसऱ्यासाठी लावून घेत नाही ना, हे पाहण्याचे उत्तरदायित्व अशा संस्थेवर अधिक असते. मिसाका उतारवयापर्यंत बोलिंग खेळत राहिला व त्या क्षेत्रातही त्याच्या समाजाने त्याचा सन्मान केला.

मध्यंतरीच्या काळात कायदेही पालटले. भारतीयांस नागरिकत्वाचा अधिकार १९४६ च्या कायद्याने मिळाला. जपानी मातापित्यांच्या पिढीस तो मिळावयास १९५२ साल उजाडले. छावण्यांतील अन्यायाबद्दल अमेरिकन सरकारने १९८८ मध्ये कायद्याने क्षमा मागितली व हयात असलेल्या प्रत्येक बंदिवानास २०,००० डॉलर देण्याचे ठरविले.

मिसाकाचे नाव मात्र जवळजवळ विस्मरणात गेले होते. युटाच्या क्रीडाक्षेत्राने १९९९ साली त्याची सन्मानपूर्वक नोंद घेतली. २००८ मध्ये त्याच्या जीवनावर एक अनुबोधपट निघाला. फेब्रुवारी २०१२ मध्ये तैवानी मातापित्यांचा पुत्र व हार्वर्डचा पदवीधर जेरेमी लिन हा त्याच निकरबॉकर्स संघातून खेळताना एकाएकी देशभर गाजला, तेव्हा वार्ताहरांस आठवण झाली की, पासष्ट वर्षांपूर्वी त्याच संघात एक आशियाई वंशाचा खेळाडू होऊन गेला आहे व तो सॉल्ट लेक सिटीजवळ आपल्या घरी सुखरूप आहे. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या वृद्ध अभियंत्याच्या दाराशी बातमीदारांची रीघ लागली.

२० नोव्हेंबर २०१९ रोजी, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, वातारू मिसाका याचे निधन झाले. युटा विद्यापीठाने २०२२ च्या जानेवारीत त्याचा गणवेष-क्रमांक कायमचा निवृत्त केला. अंतिम सामना जिंकून तो ज्या विद्यापीठात परतला होता आणि निकरबॉकर्सने काढून टाकल्यावर पदवीसाठी पुन्हा परतला होता, त्याच विद्यापीठाच्या क्रीडागृहात आता त्याचे नाव वर लावलेले आहे.